शेगडी, झोपाळा आणि गृहसौख्याचे वाङ्मय

दुःखाच्या वाङ्मयाची मीमांसा मराठीत विपुल झाली आहे. करुणापासून रसिकाला आनंद का व्हावा, या प्रश्नाची चर्चा आपल्या साहित्यशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरातल्या साध्या सुखाच्या वाङ्मयाकडे मात्र टीकाकार सहसा वळत नाही. बाहेर लवकर अंधारून आले आहे, हवेत गारठा आहे. दार लोटलेले, दिवा लागलेला, अंगावर पांघरूण, हाताशी पुस्तक आणि आपली माणसे जवळ. या क्षणी याहून अधिक काही हवेसे वाटत नाही. ही मनःस्थिती कोणाच्या अनुभवास आली नाही? तरीही आपल्या रसव्यवस्थेत तिला स्वतंत्र नाव नाही. तिला शांत म्हणावे, तर शांताच्या मुळाशी वैराग्य असते आणि येथे तर भोवतालच्या लहानसहान वस्तूंविषयीची आसक्तीच आहे. शृंगार म्हणावे, तर उत्कटता नाही. वत्सल म्हणावे, तर अपत्याची अट नाही. आम्ही तिला गृहसौख्य म्हणतो, आणि तिचे वाङ्मयीन मूल्य काय, एवढाच प्रश्न येथे घेतो.

प्रश्न अकारण काढलेला नाही. डेन्मार्कमधील लोक या सुखाला ‘ह्यूग’ म्हणतात. २०१६च्या सुमारास या एका शब्दावर इंग्रजीत पुस्तकांची लाट आली आणि कॉलिन्स कोशकारांनी त्या वर्षीच्या लक्षणीय शब्दांत त्याची गणना केली. मेणबत्त्या, लोकरी मोजे, वाफाळणारा पेला असा त्याचा सरंजाम आपल्या शहरांतल्या दुकानांपर्यंतही पोहोचला. सरंजाम आयात करता येतो. भाव आयात करता येतो काय? भाव आपल्याकडे आधीपासून असेल, तर तो कोणत्या वस्तूंत आणि कोणत्या वाङ्मयात वसला आहे?

प्रथम भूगोल पाहू. कोपनहेगन सुमारे साडेपंचावन्न उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम सात तासांचा असतो. बडोदे सुमारे सव्वाबावीस अक्षांशावर आहे. येथला सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास भरतो. उत्तरेकडच्या माणसाला घर हे हिवाळ्याविरुद्ध उभारलेले गढीसारखे ठाणे वाटते, ते या कारणाने. इंग्रजी कवी कूपर याने १७८५च्या ‘द टास्क’ या दीर्घकाव्याचे चौथे पुस्तक हिवाळ्यातल्या संध्याकाळीस वाहिले. डी क्विन्सीने १८२१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या अफूविषयक आत्मकथनात तर हिवाळा जितका कठोर तितका आपल्याला प्रिय, असा पक्ष मांडला आहे. लहानशी खोली, हजारो पुस्तके, शेकोटीचा जाळ आणि चहाची किटली असे चित्र तो चितारावयास सांगतो, आणि त्याच चित्रात अफूच्या अर्काचे पात्रही ठेवतो. हे पात्र तेथे असल्यामुळेच ते वर्णन थोर झाले आहे, असे आमचे मत आहे. पुढे येणाऱ्या सर्वनाशाची सावली त्या उबेवर आधीच पडलेली असते, आणि म्हणून ती ऊब वाचकाला खरी वाटते. यावरून पहिले सूत्र हाती येते ते असे: गृहसौख्याच्या वाङ्मयात घराबाहेरचे भय कोठेतरी ऐकू आले पाहिजे. वारा नसेल तर भिंतीला अर्थ नाही.

आपल्या परंपरेत हे सूत्र अपरिचित होते असे नाही. ‘ऋतुसंहारा’च्या पाचव्या सर्गात कालिदासाने शिशिराचे वर्णन करताना खिडक्या बंद केलेली दालने, अग्नी, कोवळे ऊन आणि जाड वस्त्रे यांची एकत्र नोंद केली आहे. उबेची सामग्री येथे पुरती आहे. पण त्या सामग्रीचा रोख भोगाकडे आहे. त्या दालनात प्रियकर आणि प्रेयसी आहेत. आजी नाही, मूल नाही, उद्याची भाकरी नाही. कालिदासाचा शिशिर शयनगृहात रमतो. गृहसौख्याला शयनगृह पुरत नाही. त्याला माजघर लागते.

मराठी कवितेतला शिशिर याहूनही निराळा. आपल्याकडे शिशिर म्हटले की पानगळ आठवते. मर्ढेकरांनी १९३९ साली आपल्या पहिल्या संग्रहाला ‘शिशिरागम’ हे नाव दिले, त्यात ही उदासीच ध्वनित होते. आणि पुढे त्यांनीच माघातल्या मुंबई बंदराची प्रभात रंगविली, तेव्हा ती उजळलेली, उघड्यावरची निघाली. याचे कारण कवीच्या लहरीत नसून ऋतूच्या स्वभावात आहे. आमचा हिवाळा माणसाला घरात कोंडत नाही, घराबाहेर काढतो. शेकोटी अंगणात पेटते, हुरडा शेतात भाजला जातो, ऊन खाण्यासाठी ओट्यावर बसावयाचे असते. बडोद्यात तर पौषातला मोठा सण गच्चीवरच साजरा होतो. १४ जानेवारीस उत्तरायणाच्या दिवशी सारे शहर पतंग घेऊन छपरावर चढते, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून पुन्हा चढते, आणि उंधियोही पुष्कळदा तेथेच खाल्ला जातो. ज्या देशात थंडी म्हणजे उजेड, त्या देशात दार लावून घेण्याची कविता हिवाळ्यावर कशी रचावी?

मराठी घरात बंद खोली आणि निखारे एकत्र येत, ते प्रामुख्याने एका ठिकाणी: बाळंतिणीच्या खोलीत. बाज, बाजेखालची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, अळिवाचा आणि डिंकाचा लाडू, अर्धवट अंधार. या खोलीवर आपल्याकडे फारसे काव्य झाले नाही, ही आमच्या मते लक्षात घेण्याजोगी उणीव आहे. आपल्याकडे शेगडीचा संबंध आरामाशी नसून जपणुकीशी आहे, हे त्या खोलीवरून कळते. निखारा पेटतो तो कोणाच्या तरी नाजूक जिवासाठी.

आमचे खरे अंधारलेले दिवस आषाढ-श्रावणाचे. तेव्हा दार लावावे लागते, चूल धुरकटते, कपडे वाळत नाहीत, आणि तेव्हाच हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकली जाते. गृहसौख्याचे जुने मराठी वाङ्मय शोधावयाचे असेल, तर ते या कहाण्यांत शोधावे. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा गावातले सारे दूध देवळात आणवितो. मुलांना दूध नाही, वासरांना नाही. आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी घरातल्या मुलाबाळांना, सुनांना, वासरांना तृप्त करते, मग उरलेले खुलभर दूध घेऊन जाते, आणि गाभारा भरतो. या कहाणीचे महत्त्व केवळ धार्मिक नाही. घरातले कोणी उपाशी ठेवून साधलेली पूर्णता ही पूर्णताच नव्हे, हा गृहसौख्याचा सिद्धान्त तिने सांगितला आहे. हे दुसरे सूत्र होय.

आता बडोद्याकडे वळू. या शहरात मराठी वाङ्मयाला राजाश्रय लाभला. मराठी साहित्य संमेलने येथे १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरली. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने ग्रंथालयांचे जाळे विणले. पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके ही त्या योजनेची ओळखच झाली. दिव्याजवळ बसून वाचण्याचे सुख हे सुशिक्षितांच्या चार घरांपुरते राहू नये, असा या योजनेचा अर्थ आम्ही लावतो. गृहसौख्यालाही सार्वजनिक व्यवस्थेची पायाभरणी लागते, हे विसरू नये.

याच संस्थानचे राजकवी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे (१८७१-१९३७). मिल्टनच्या १६४५च्या संग्रहात दोन जोडकविता आहेत, ‘लॅलेग्रो’ आणि ‘इल पेन्सेरोसो’. एक आनंदी वृत्तीची, दुसरी चिंतनशील वृत्तीची. पहिलीत खेड्यातली माणसे दिवस मावळल्यावर एकत्र बसून अद्भुत गोष्टी सांगतात. दुसरीत विझत आलेल्या निखाऱ्यांच्या मंद उजेडात एकटा माणूस बसला आहे आणि चुलाण्यापाशी रातकिडा किरकिरतो आहे. उत्तरेकडच्या गृहसौख्याची ही दोन रूपे: सोबतीची ऊब आणि एकांताची ऊब. चंद्रशेखरांनी यांची मराठी रूपांतरे केली आणि त्यांना नावे दिली ‘रंगराव हर्षे’ आणि ‘चिंतोपंत उदास’.

या नावांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण त्यांत एक संपूर्ण वाङ्मयीन निर्णय सामावला आहे. मिल्टनची शीर्षके वृत्तींची आहेत. त्याच्या माणसांना आडनाव नाही, म्हणून घरही नाही. हर्षे आणि उदास ही मात्र मराठी समाजातली खरीखुरी आडनावे आहेत. ‘राव’ आणि ‘पंत’ लागताच त्या वृत्तींना पागोटे, उपरणे, ओटा आणि शेजार प्राप्त होतो. चिंतोपंत हा चिंतनशील असला तरी संन्यासी होऊ शकत नाही. त्याला कोणीतरी जेवावयास हाक मारणारच. परक्या देशातला भाव आपल्या भाषेत आणताना त्याला आधी राहावयास घर द्यावे लागते, हे चंद्रशेखरांनी शीर्षकातच ओळखले. या नावांत विनोद आहे, हे खरे. पण तो विनोद विडंबनाचा नसून आपलेपणाचा आहे. भाषांतर आणि रूपांतर यांतला भेद शिकविताना शिक्षकांना याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

याच्या शेजारी माधव जूलियन यांना ठेवून पाहावे. त्यांचा जन्म बडोद्याचाच, १८९४चा. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. मूळ फारसीवरून १९२९ साली, आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ या नावाने १९३१ साली. फिट्झजेराल्डच्या उमरचे सुख झाडाखालचे आहे: सावली, भाकर, मद्य, काव्य आणि सोबतीचे माणूस. त्याला भिंत नको, कारण त्या देशात शत्रू थंडी नसून ऊन आहे. अशा रीतीने बडोद्याशी नाते असलेल्या दोन कवींनी सुखाच्या दोन प्रतिमा बाहेरून आणल्या; एकाने निखारे आणले, दुसऱ्याने सावली. मराठी घराला दोन्ही हव्या होत्या, पण त्याची स्वतःची प्रतिमा यांपैकी एकही नव्हती. बडोद्यातल्या मराठी घरापुरते बोलावयाचे, तर ती प्रतिमा झोपाळ्याची आहे. गुजरातच्या शेजारात राहून या घरांनी झोपाळा आपलासा केला. तो ना पूर्ण आत, ना पूर्ण बाहेर. त्यावर भाजी निवडली जाते, मूल निजविले जाते, पाहुणा बसविला जातो आणि संध्याकाळी एकट्याने बसून विचारही करता येतो. रंगराव आणि चिंतोपंत दोघेही त्यावर मावतात.

मराठी गद्यात या सुखाला हक्काची जागा मिळाली ती लघुनिबंधात. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३च्या. अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ त्यानंतर लवकरच आली. ‘गुजगोष्टी’ या नावातच जवळ सरकून हलक्या आवाजात बोलण्याचा भाव आहे. रोजच्या वस्तूंकडे प्रेमाने पाहावयास या प्रकाराने वाचकाला शिकविले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि त्याचा दोषही तेवढाच उघड आहे. लघुनिबंधातल्या खोलीत पुष्कळदा वारा शिरत नाही. चहा आपोआप येतो. तो कोणी केला, याची वार्ता निबंधात नसते. सौख्य आणि आत्मसंतुष्टता यांतली रेषा पुसट होते ती येथे. लेखक सुखी आहे यात गैर काहीच नाही. आपले सुख कोणाच्या श्रमावर उभे आहे हे त्याला ठाऊक नसणे, हा मात्र केवळ नीतीचा नव्हे, कलेचाही दोष आहे. न पाहिलेल्या गोष्टींमुळे चित्र अपुरे राहते.

हे अपुरेपण ज्या लेखिकांनी भरून काढले, त्यांनी स्वतः चूल पेटविली होती. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांच्या संसारावरील विख्यात गाण्यात चुलीवरचा तवा आधी हात पोळतो आणि मगच भाकरी देतो. डी क्विन्सीचा जाळ ऊब देतो, बहिणाबाईंचा जाळ चटका देतो, आणि तरीही संसाराविषयीची कृतज्ञता दुसरीकडे अधिक खोल आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तर घर पुनःपुन्हा मोडते. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पतिपत्नींची ताटातूट झाली, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही घरातले किडूकमिडूक घरात टिकेल याचा भरवसा नसे. अशा संसारातून लक्ष्मीबाईंनी जे हसू वेचले, त्याला आम्ही मराठीतल्या गृहसौख्याची सर्वोच्च अवस्था मानतो. ते सुख सुरक्षिततेतून आलेले नाही. असुरक्षितता पूर्ण पाहून घेतल्यावर उरलेले आहे.

हेच सत्य बडोद्याच्या भूमीत गायकवाडांच्याही आधी एका गुजराती कवीने गायिले होते, आणि त्याची ओळख आपल्या मराठी मंडळींना असावी तितकी नाही. प्रेमानंद हा सतराव्या शतकातला आख्यानकवी बडोद्याचा. त्याचे ‘सुदामाचरित्र’ १६८२चे. दरिद्री सुदामा द्वारकेस जातो, कृष्ण त्याला आसनावर बसवितो, आणि दोघे गुरुगृहीच्या दिवसांची आठवण काढतात. मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधातली. गुरुपत्नीसाठी सरपण आणावयास गेलेले हे शिष्य अकाली आलेल्या वादळपावसात सापडतात आणि रात्रभर एकमेकांचा हात धरून रानात भटकतात. प्रेमानंदाने या स्मरणाचा दोघा मित्रांतला संवाद केला आणि तो गुजरातीत घरोघर गायिला गेला. राजमहालातल्या त्या उबदार घटकेत दोघे आठवतात ते वैभव नव्हे, भिजलेली रात्र. आमच्या पहिल्या सूत्राचे याहून चांगले प्रमाण कोठे मिळेल? उबेची खरी सामग्री समोरचा दिवा नसून एकत्र सोसलेला अंधार आहे.

आणि दुसरे सूत्रही येथे हजर आहे. भागवतातल्या कथेप्रमाणे कृष्णासाठीचे पोहे सुदाम्याच्या पत्नीने चार मुठी मागून आणलेले असतात. ‘सुदाम्याचे पोहे’ हा आपल्या भाषेतला रूढ प्रयोग; श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहास तेच नाव दिले. पण ती पुरचुंडी बांधणारी बाई, ज्या शेजारणींनी मूठमूठ दिली त्या, आणि त्या मुठी जेथून आल्या ती घरे, या सर्वांचा वाटा त्या महालातल्या सुखात आहे. कथेने हे लपविले नाही.

यावरून आमचा निष्कर्ष स्पष्ट व्हावा. गृहसौख्याचे वाङ्मय हे दुय्यम वाङ्मय नव्हे. पण ते थोर होण्यासाठी त्यात बाहेरचा वारा ऐकू यावा, चूल पेटविणारा हात दिसावा, आणि दार आतून कायमचे बंद नसावे. या तिसऱ्या अटीसाठी आपल्याला फार दूर जावयास नको. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या समबुद्धीला दिव्याचा दृष्टान्त आहे. घरच्यांपुरता प्रकाश आणि परक्यांच्या वाट्याला काळोख, असा दुजाभाव दिव्याच्या ठायी नसतो. ज्ञानदेवांनी हे समतेविषयी सांगितले. आम्ही ते गृहसौख्याच्या लेखकालाही सांगू.

बडोद्याच्या मराठी वाचकाला या अटीचा एक जवळचा अर्थ आहे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरात राज्याचा भाग झाले. राजाश्रयाच्या काळात दरबारात आणि सभांत वावरणारी मराठी तेव्हापासून मुख्यतः घरात राहिली: माजघरात, देवघरात, झोपाळ्यावर, आणि तिच्यासाठी चालविलेल्या संस्थांत. भाषा घरात राहिली म्हणून ती जगली, हे मोठेच सुख आहे. परंतु केवळ घरातच राहिलेली भाषा हळूहळू आठवणींची, लाडिक हाकांची आणि सणावारांची होते. तिच्यात भांडण, व्यापार, शास्त्र आणि नवा विचार यांचा वारा येईनासा होतो. तिची ऊब टिकते आणि तिचा श्वास कोंडतो. लघुनिबंधाला जो धोका, तोच घरी बसलेल्या भाषेला.

उपाय अवघड नाही. चंद्रशेखरांनी मिल्टनला आडनाव दिले, तसे आपणही शेजाऱ्याच्या वाङ्मयाला आपल्या भाषेत घर द्यावे. येथील मराठी वर्गात प्रेमानंद शिकविला जावा. गुजराती मित्राला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवावीत. मुलांनी पौषात गच्चीवर जे पाहिले ते मराठीत लिहावे, पुण्याच्या थंडीचे उसने वर्णन लिहू नये. अंधारलेल्या दिवसांत घरी बसण्याचे सुख भोगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. त्या दिवशी दिवा खिडकीत ठेवावा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यास तो दिसेल एवढी खिडकी उघडी असावी.